घुबडाचा पत्ता

परवा रात्री मावसभावाचा मेसेज आला. "ताई, तुमच्या टेकडीवर ते शिंगवालं घुबड आहे ना? रविवारी येतोय. लोकेशन टाक." सोबत नव्या कॅमेऱ्याचा फोटो. लेन्स हाताएवढी लांब!

मी लिहिलं, "ये की. पोहे करते. दयाळ दाखवते, वेडे राघू दाखवते, नशिबात असेल तर मुंगूसही दिसेल. घुबडाचं मात्र विचारू नकोस."

दहा मिनिटं काहीच नाही. मग उत्तर आलं, "बरोबर आहे. टेकडी तुमच्याच मालकीची!"

झालं. साहेब रुसले. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अगं, एवढ्या हौसेने कॅमेरा घेतलाय त्याने. एक घुबड ते काय, दाखवलंस तर झिजणार आहे का?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. मला फोनवर कधीच नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. मावशी, तूही वाच, आणि त्यालाही वाचायला लाव.

आमच्या घरामागे टेकडी आहे. पुण्यात टेकड्या पुष्कळ, त्यातली ही कुठली ते इथे लिहिणार नाही. ज्या नातेवाइकांना ठाऊक आहे त्यांनीही गप्प बसावं ही विनंती. टेकडीच्या एका अंगाला जुनी दगडखाण आहे, कित्येक वर्षं बंद पडलेली. तळाशी पावसाचं पाणी साठतं, कडेने बाभळी आणि गिरिपुष्प माजलंय. मी तिकडे फिरायला जायला लागले ते डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं तेव्हा. पक्ष्यांशी तोवर माझा संबंध कावळा, चिमणी, कबुतर एवढाच.

तिथे एक काका भेटले. पोस्टातून निवृत्त झालेले, डोक्याला मफलर, गळ्यात जुनी दुर्बीण. त्यांनीच मला पहिल्यांदा शिंपी दाखवला. एवढासा जीव आणि आवाज केवढा! मग हळूहळू तांबट, हळद्या, कोतवाल, नाचण. रोज घरी गेल्यावर काका काय दिसलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहितात. पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. अशी वीसेक वर्षांची भेंडोळी त्यांच्याकडे आहेत. काकूंना विचाराल तर "रद्दी" म्हणतील. पण चातक पहिल्यांदा कधी दिसला, नवरंग कुठल्या आठवड्यात ओरडायला लागला, धोबी कधी आले आणि कधी गेले, सगळं त्यात आहे.

आता मूळ गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरात खाणीच्या कपारीत मला शृंगी घुबड दिसलं. आधी दगडच वाटला. मग दगडाने नारिंगी डोळे उघडले. माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरंच! हे घुबड काड्या जमवून घरटं बांधत नाही. कड्याच्या फळीवर, खाणीत, ओढ्याच्या उभ्या काठावर नुसत्या मातीत अंडी घालतं, आणि तेही साधारण याच दिवसांत, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की हे मला दिसलंय, मला एकटीला.

घरी आले आणि चहा ठेवायच्याही आधी आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर टाकलं. फोटो, वेळ आणि जागा. नुसती टेकडी नव्हे, कुठल्या बाजूने उतरायचं, कुठल्या बाभळीपाशी उभं राहायचं, सगळं. (हस्ताक्षर स्पर्धेत नंबर आलेल्या मुलीसारखी मी!) पन्नास-साठ अंगठे आले. "वा ताई!" "काय नजर आहे!" खोटं कशाला सांगू, दिवसभर मी ते परत परत उघडून बघत होते.

पुढच्या रविवारी खाणीपाशी चौदा माणसं होती. मी मोजली. त्यातल्या तिघांना मी ओळखत होते. एकाने मोबाईलवर घुबडाचा आवाज लावला, म्हणजे ते मान वळवेल. दुसऱ्याला ते उडताना हवं होतं, म्हणून त्याने खडा मारला. लहानसाच. घुबड उठलं, भर सकाळी उजेडात बाहेर पडलं आणि दोन मिनिटांत पंधरा-वीस कावळे त्याच्या मागे. त्याला टोचत, ओरडत पार टेकडीपलीकडे घेऊन गेले. फोटो मात्र सगळ्यांना मिळाले. छान आले होते. मीसुद्धा काढले. हे लिहायला लाज वाटते, पण काढले.

दहाएक दिवसांनी कपार रिकामी होती. खाली थोडी पिसं आणि उंदरांच्या हाडांच्या गोळ्या. तिथे अंडी होती का? मला माहीत नाही. आमच्यामुळेच गेलं का? तेही सिद्ध करता येणार नाही. घुबड आपण होऊनही जागा बदलत असेल. पण मला जे वाटायचं ते वाटलंच.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं ते तिथं असतं. चार वर्षं झाली." मी चाटच पडले. "मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?" काका म्हणाले, "लिहिलंय की कॅलेंडरवर."

इथे लेख संपवला तर सोपं आहे. तात्पर्य, दिसलं तर गप्प बसा. आमच्यातले काही जण आता तेच म्हणतात. कुणाला काही सांगायचं नाही, नोंद टाकायची नाही, आपण बघायचं आणि घरी यायचं. पण मला ते पटत नाही.

कारण रानपिंगळ्याची गोष्ट. आपल्या खानदेशातलाच पक्षी हा. १८८४ नंतर तो कुणाला दिसल्याची खात्रीची नोंदच नव्हती. फक्त एक होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवला म्हणून दिलेला नमुना. सालिम अलींसारखा माणूस शोधून थकला, पिंगळा काही मिळाला नाही. नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले आणि लक्षात आलं, की माइनर्ट्झहागेनचा तो पक्षी चोरीचा होता! एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला नमुनाच संग्रहालयातून पळवून, त्यावर नवी तारीख आणि नवं गाव लिहून खपवला होता. मग मांडवीचा नाद सोडून त्यांनी जुन्या खऱ्या नोंदींतल्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा झाडावर रानपिंगळा बसलेला! एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

म्हणजे बघा, एका माणसाने पत्ता खोटा लिहिला तर पुढच्या पिढ्या चुकीच्या जंगलात फिरल्या. दुसऱ्याने खरा लिहून ठेवला, तर शंभर वर्षांनी कुणीतरी तो कागद हातात घेऊन तिथे पोचलं. डेव्हिडसन जर "आपण बघायचं आणि घरी यायचं" म्हणाला असता तर?

(त्याने तो पक्षी बंदुकीने मारून नोंदवला होता, हेही खरं. तेव्हाची रीतच ती. आपण निदान दुर्बिणीपर्यंत आलोय.)

आणि साध्या पक्ष्यांचं काय? २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा आहे त्यात, आणि तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ही माणसं कोण? बहुतेक आमच्यासारखीच. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी साखर वाढली म्हणून टेकडी चढणारी. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के कमी होत चालल्यात, हे त्यातूनच कळलं. कुणी सांगितलंच नसतं तर ते कमी झाल्याचंही कळलं नसतं.

टेकड्यांचंही तसंच. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा तिथल्या झाडापक्ष्यांचा मुद्दा लोकांनी हिरिरीने मांडला होता. उद्या आमच्या टेकडीवर जेसीबी आला तर? "इथे काही नाही, नुसती पडीक खाण आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच्यासमोर काय ठेवणार? काकांच्या माळ्यावरची रद्दी? ती नोंद चार लोकांपर्यंत पोचायला नको का?

हे मी काकांनाही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला टाइप करता येतं ना?" गेलं वर्षभर दर शनिवारी मी त्यांच्याकडे जाते. एकेक भेंडोळी उलगडून, कोपऱ्यांवर डबे ठेवून, ते वाचतात आणि मी टाइप करते. २००७ पर्यंत आलोय. काकू आता "रद्दी" म्हणत नाहीत. चहाबरोबर "आज किती झालं?" म्हणून विचारतात.

तर माझं मत असं. सांगायचं, पण कसं सांगायचं ते पक्ष्याकडे बघून ठरवायचं. आकाशातून चाललेला थवा, तलावावरची बदकं, झाडावरचा हळद्या यांची नोंद आजच्या आज, जागेसकट टाकावी. टाकाच! आपण पोचेपर्यंत ते पुढे गेलेले असतात, आणि बदकांना माणसं लांबूनच बघतात. पण जो पक्षी एका जागी बांधला गेलाय, अंड्यांवर बसलाय, पिल्लं भरवतोय किंवा दिवसभर एकाच ढोलीत झोपतोय, त्याची नोंद त्याचा हंगाम उलटल्यावर करावी, आणि नेमकी ढोली न सांगता. शास्त्राला ढोली लागत नाही, तालुका पुरतो. ढोली लागते ती फोटोवाल्याला. आणि घुबडाच्या बाबतीत आणखी एका माणसाला. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचे बळी देणारे लोक अजून आहेत. १९७२ च्या कायद्याने घुबड पकडणं गुन्हा आहे, तरी या चोरट्या व्यापारावर ट्रॅफिक या संस्थेला २०१० मध्ये अख्खा अहवाल काढावा लागला होता. आपल्या ग्रुपमधले दोनशे जण सज्जन असतील, पण फॉरवर्ड झालेला मेसेज कुणाकुणाच्या फोनवर जाईल, सांगता येतं का?

ई-बर्डवालेही धोक्यातल्या काही जातींची नेमकी जागा जाहीर दाखवत नाहीत, आत नोंद राहते. बाकीच्यांच्या बाबतीत अक्कल आपलीच चालवायची. मी आता एक प्रश्न स्वतःला विचारते. मी हे लिहिलं, तर उद्या सकाळी कोण कुठे जाऊन उभं राहील? उत्तर "कुणी नाही" असेल तर लगेच लिहिते. उत्तर "चौदा माणसं" असेल तर कॅलेंडर.

यात थोडा आपमतलब आहे, हेही कबूल करते. पहिल्यांदा मी मोठेपणासाठी सांगितलं. आता सांगत नाही, त्यातही एक मोठेपणा आहेच की, "मला माहीत आहे, तुला नाही" असा. भावाला तोच लागला असणार. त्याचं चूक नाही. मलाही कुणी असं म्हटलं असतं तर लागलं असतं.

म्हणून बाळा, रविवारी ये. कॅमेरा आण. पण सहाला ये, नऊला उगवू नकोस! काकांना सांगून ठेवलंय, ते तुला नाचणाचं घरटं नसलेली, नुसती नाचायची जागा दाखवतील, आणि शिंपी कसा ऐकायचा ते शिकवतील. मग शनिवारचं टाइपिंग तुझ्याकडे. २००८ पासून पुढचं सगळं बाकी आहे. त्यातल्या कुठल्या तरी चौकोनात "शृंगी १, खाण" असं सापडेलच तुला. तिथवर आलास, की काकाच ठरवतील तुला कपार दाखवायची की नाही. मी कोण ठरवणारी?

आणि हो, ते घुबड परत आलंय का, असं विचाराल तुम्ही सगळे. विचारू नका.

तुमच्या गावाकडे तुम्ही काय करता? सांगता की लपवता? जरूर कळवा. पण झाडाचा पत्ता नको हं!