दिवे घेऊन फिरणारा संघ

बेसबॉल हा खेळ आपल्याकडील घरांतून फारसा रुळलेला नाही. परंतु ज्यास क्रिकेट कळते त्यास बेसबॉलची तोंडओळख करून देण्यास फार प्रयास पडू नयेत. चेंडू जमिनीवर टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो. तो टोलवून फलंदाजाने चार बेसांची फेरी पुरी केली म्हणजे एक धाव होते. आणि एकाच टोल्यावर ही सारी फेरी साधली तर त्यास होमरन म्हणतात. चेंडू टाकणारा तो पिचर. या शब्दास मराठी प्रतिशब्द योजण्याचा मोह आम्हांस झाला होता. ‘चेंडूफेक्या’ असे लिहूनही पाहिले. पण ते वाचून आमचे आम्हांसच हसू आले, तेव्हा पिचर हा पिचरच राहिला.

एवढी शिदोरी बरोबर घेऊन आपण आता अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील कॅन्सास सिटी या शहरी जाऊ. तेथे १९२० साली एक व्यावसायिक संघ उभा राहिला. त्याचे नाव कॅन्सास सिटी मोनार्क्स. मोनार्क्स म्हणजे सम्राट. आणि या सम्राटांना प्रवासात कित्येक गावी पैसे देऊनही हॉटेलात खोली मिळत नसे, कारण ते सर्व कृष्णवर्णीय होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील मोठ्या लीगांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद झाली होती. गंमत अशी, की नियमांच्या पुस्तकात तसा एकही नियम नव्हता. संघांच्या मालकांमध्ये एक अलिखित समजूत होती, आणि अलिखित गोष्ट खोडावयाची तरी कशी? तेव्हा रूब फॉस्टर नावाच्या एका थोर कृष्णवर्णीय पिचरने १९२० च्या फेब्रुवारीत कॅन्सास सिटीतच बैठक भरवून ‘नीग्रो नॅशनल लीग’ स्थापन केली. नीग्रो हा शब्द आज सभ्य मानला जात नाही आणि एरवी आम्ही तो लिहिणार नाही. परंतु त्या संस्थेने स्वतःस घेतलेले नाव बदलण्याचा अधिकार अनुवादकास नाही, म्हणून तेवढ्यापुरता तो ठेवला आहे.

या लीगमधील संघांच्या मालकांत एकच गोरा गृहस्थ होता: मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन. त्याने पूर्वी ‘ऑल नेशन्स’ नावाचा एक संघ चालविला होता. त्यात गोरे, काळे, क्यूबन, मूळ अमेरिकन असे नाना जातींचे खेळाडू एकाच डब्यातून प्रवास करीत. मोनार्क्ससाठी त्याने माणसे निवडली ती थेट लष्करातून. अमेरिकन सैन्यात कृष्णवर्णीय शिपायांची पंचविसावी पायदळ पलटण होती, आणि तिचा बेसबॉल संघ नावाजलेला होता. त्यातून बुलेट रोगन आला. बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी. चेंडूच्या वेगामुळे हे नाव त्यास चिकटले. तो पिचर म्हणून जितका भारी तितकाच फलंदाज म्हणूनही, आणि या खेळात असा योग फार दुर्मिळ. १९२४ साली नीग्रो लीगांची पहिली जागतिक मालिका झाली, ती मोनार्क्सने हिलडेल संघाविरुद्ध जिंकली. एक सामना बरोबरीत सुटल्यामुळे ही मालिका दहा सामन्यांपर्यंत लांबली होती. शेवटच्या दिवशी चेंडू हाती घेतला तो संघाचा क्यूबन व्यवस्थापक होसे मेंडेझ याने. त्याचे उमेदीचे दिवस सरले होते. तरीही त्याने प्रतिपक्षास एकही धाव घेऊ दिली नाही.

पुढे १९२९ ची मंदी आली. दिवसा काम करणारा माणूस दुपारच्या सामन्यास येणार कसा, आणि ज्यास कामच नाही तो तिकीट काढणार कशाने? विल्किन्सनने आपली मालमत्ता गहाण टाकली, भागीदार घेतला आणि विजेच्या दिव्यांचा एक फिरता संच तयार करवून घेतला. मालमोटारींवर चढविलेले, सुमारे पन्नास फूट उंच उभे राहणारे खांब आणि वीज निर्माण करणारे एक अजस्र यंत्र असा तो सरंजाम होता. यंत्राचा आवाज एवढा, की मैदानावरील खेळाडूंना एकमेकांच्या हाका ऐकू येत नसत. दिव्यांच्या वर गेलेला चेंडू अंधारात गडप होई आणि पुन्हा खाली दिसेपर्यंत झेल घेणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे! २८ एप्रिल १९३० रोजी ओक्लाहोमातील एनिड गावी या दिव्यांखाली मोनार्क्सचा पहिला सामना झाला. मोठ्या लीगांतील पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटीस झाला तो १९३५ च्या मे महिन्यात. म्हणजे पाच वर्षे मागाहून. आज रात्रीचे सामने जगभर दिवाणखान्यांत बसून पाहिले जातात. त्यांच्या पूर्वजांत या धडधडणाऱ्या मोटारींची गणना करावयास हवी.

सामने संपले की बस निघे. हॉटेल नाही, खाणावळीत पुढच्या दाराने प्रवेश नाही. म्हणून जेवण बसमध्ये आणि पुष्कळदा झोपही बसमध्ये. घरच्या मैदानावर मात्र थाट निराळा. रविवारी सामना असला की चर्चमधील प्रार्थना तासभर अलीकडे घेत, आणि मंडळी तेथून सणाच्या पोशाखातच मैदानावर येत.

या बसमध्ये १९३९ च्या सुमारास एक उंच, किडकिडीत पिचर येऊन बसला. लीरॉय पेज हे त्याचे नाव, पण जग त्यास सॅचेल पेज म्हणून ओळखते. अलाबामातील मोबील शहरी, लहानपणी तो रेल्वे स्थानकावर उतारूंच्या पिशव्या वाहत असे, त्यावरून सॅचेल. त्याची कीर्ती तेव्हाही अमाप होती; परंतु १९३८ साली मेक्सिकोत खेळताना त्याचा हात गेला. चेंडू फेकणे दूरच, हात वर करणेही कठीण झाले. इतर मालकांनी पाठ फिरविली. विल्किन्सनने त्यास आपल्या दुय्यम संघात घेतले. नाव मोठे आहे, लोक नुसते पाहावयास येतील, एवढाच हिशेब असावा. पण काही महिन्यांनी हात बरा झाला. यात व्यवहार किती आणि माणुसकी किती, याचा ताळा मांडण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पेज मात्र हे उपकार जन्मभर विसरला नाही.

१९४२ च्या जागतिक मालिकेत मोनार्क्सपुढे होमस्टेड ग्रेज हा बलाढ्य संघ होता. त्यांचा जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीयांतील सर्वांत मोठा टोलेबाज. दंतकथा अशी, की पेजने आधीच्या फलंदाजांना जाणूनबुजून फुकट बेस दिले, तिन्ही बेसांवर माणसे उभी केली, केवळ गिब्सनशी गाठ पडावी म्हणून. आणि तीन चेंडूंत त्यास बाद केले. पेजने ती पुष्कळ रंगवून सांगितली. त्या वेळच्या वृत्तपत्रांतील नोंदींत मुद्दाम बेस दिल्याचा भाग टिकत नाही. परंतु तिन्ही बेस भरलेले होते आणि गिब्सन बाद झाला, एवढे खरे. आणि मोनार्क्सने ती मालिका चार विरुद्ध शून्य अशी जिंकली, हेही खरे. उरलेली फोडणी आहे, आणि ती चुरचुरीत आहे हे कोण नाकारील?

आता जॅकी रॉबिन्सन. १९४५ साली लष्करातून सुटून तो मोनार्क्सकडे आला, दरमहा ४०० डॉलरवर. जेमतेम एक मोसम तो येथे होता, पण त्याची एक गोष्ट संघात पुढेही सांगितली जाई. ओक्लाहोमातील मस्कोगी गावी एक पेट्रोलपंप होता. मोनार्क्सची बस वर्षानुवर्षे तेथे पेट्रोल भरी. मात्र तेथील शौचालय कृष्णवर्णीयांना वर्ज्य होते आणि ते कोणी विचारीतही नसे. रॉबिन्सन उतरला आणि सरळ शौचालयाकडे निघाला. मालकाने अडविले. तेव्हा त्याने सांगितले, की मग नळी टाकीतून काढा, आम्ही पेट्रोल दुसरीकडे घेऊ. बसच्या टाक्या मोठ्या होत्या. एवढे गिऱ्हाईक पुन्हा कधी मिळणार? मालक निमूटपणे बाजूस झाला. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती बक ओनील या मोनार्क्सच्याच खेळाडूच्या तोंडून. त्या मोसमात ओनील स्वतः नौदलात होता, म्हणजे त्यानेही ती सोबत्यांकडूनच ऐकलेली. पण सोबती खरे बोलत असावेत, कारण पुढचा रॉबिन्सन तिच्याशी तंतोतंत जुळतो.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचा ब्रँच रिकी याने रॉबिन्सनला बोलावून घेतले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सतर्फे मैदानात उतरला आणि अलिखित समजूत मोडली. या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती ही, की रिकीने मोनार्क्सला या खेळाडूच्या मोबदल्यात एक छदामही दिला नाही. विल्किन्सन भांडू शकला असता. त्याने तसे केले नाही. रॉबिन्सनच्या वाटेत आपण उभे राहणार नाही, असे त्याने जाहीर केले. आणि जे दार उघडावे म्हणून सारे इतकी वर्षे तळमळत होते, ते उघडताच घरचे मैदान ओस पडू लागले! कृष्णवर्णीय प्रेक्षक आता रॉबिन्सनला पाहावयास जाऊ लागला. १९४८ च्या मोसमानंतर नीग्रो नॅशनल लीग बंद पडली. विल्किन्सनने आपला वाटा भागीदारास विकला. मोनार्क्स पुढेही काही वर्षे चालला, पण गुणी मुले घडवावीत आणि मोठ्या संघांना द्यावीत, असे लेकीच्या बापासारखे त्याचे जिणे झाले. एर्नी बँक्स असाच १९५३ मध्ये शिकागो कब्जकडे गेला आणि त्याने तेथे ५१२ होमरन केले. एल्स्टन हॉवर्ड १९५५ साली न्यूयॉर्क यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

सर्वांनाच सासर चांगले मिळाले असे नाही. विलार्ड ब्राऊन हा मोनार्क्सचा जबरदस्त टोलेबाज १९४७ साली सेंट लुई ब्राउन्स संघात गेला. ऑगस्टमध्ये एके दिवशी त्याने एका गोऱ्या सोबत्याची बॅट घेऊन होमरन मारला. अमेरिकन लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला तो पहिला होमरन. फेरी पुरी करून ब्राऊन परत येतो तो त्या सोबत्याने ती बॅट भिंतीवर आपटून मोडली. त्याच महिन्यात ब्राऊन मोनार्क्सकडे परतला.

पेजला मोठ्या लीगचे आमंत्रण आले ते १९४८ साली, बेचाळिसाव्या वाढदिवशी. क्लीव्हलंडतर्फे तो सहा सामने जिंकला आणि एक हरला. त्या वर्षी जागतिक मालिका क्लीव्हलंडनेच जिंकली. १९६५ च्या सप्टेंबरात, एकोणसाठाव्या वर्षी, तो कॅन्सास सिटीच्याच मैदानावर, जेथे मोनार्क्स खेळत तेथेच, ॲथलेटिक्स संघासाठी तीन डाव चेंडू टाकून गेला. प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी त्यास झुलत्या खुर्चीत बसविले होते, शेजारी परिचारिका उभी केली होती. खुर्चीतून उठून त्याने तीन डावांत एकच फटका मारू दिला.

बक ओनीलविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. फ्लोरिडातील सरासोटा येथे तो लहानपणी सेलरीच्या शेतात राबला. गावच्या हायस्कुलात कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. १९९५ मध्ये त्याच हायस्कूलने त्यास पदविका दिली. मोनार्क्समध्ये तो खेळाडू होता, मग व्यवस्थापक झाला, आणि १९६२ साली शिकागो कब्जमध्ये मोठ्या लीगांतील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला. म्हातारपणी त्याने एकच ध्यास घेतला: विसरलेल्या सोबत्यांची आठवण राखणे. १९९० साली कॅन्सास सिटीत स्थापन झालेल्या नीग्रो लीग बेसबॉल संग्रहालयामागे त्याचे कष्ट होते.

२००६ साली कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या सन्मानमंदिराने नीग्रो लीगांशी संबंधित सतरा जणांची निवड केली. विल्किन्सन, मेंडेझ, विलार्ड ब्राऊन हे त्यांत होते. ओनील नव्हता. सतरापैकी एकही हयात नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने बोलण्याची विनंती ओनीलला करण्यात आली. चौऱ्याण्णव वर्षांचा तो गृहस्थ गेला, बोलला, हसला, आणि जमलेल्या साऱ्यांस हातात हात धरावयास सांगून त्याने त्यांच्याकडून गाणे म्हणवून घेतले. स्वतःविषयी कुरकुरीचा एक शब्द नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. सन्मानमंदिरात त्याचे नाव लागले ते २०२२ साली. आणि नीग्रो लीगांतील आकडे मोठ्या लीगांच्या अधिकृत दप्तरात दाखल झाले ते २०२४ च्या मे महिन्यात. तेव्हा पेजपुढे बाद झालेला तो जॉश गिब्सन फलंदाजीच्या सरासरीत साऱ्या इतिहासात पहिला ठरला.

संग्रहालयात एक लहानसे मैदान आहे. त्यावर नीग्रो लीगांतील नामांकितांचे काशाचे पुतळे आपापल्या जागी उभे आहेत. पेज चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात, समोर गिब्सन. आत शिरताच ते दिसतात, पण तारेच्या जाळीआडून. बाकी सारी दालने पाहून झाल्यावरच मैदानात पाऊल टाकता येते. ओनीलचा पुतळा जाळीपाशी आहे. तो खेळ पाहत उभा आहे.