‘सामान्य’ पाऊस म्हणजे किती?

पावसाळ्यात सुभाष रोडवर दोन माणसे भेटली की तक्रार ठरलेली. वेधशाळा म्हणते पाऊस सामान्य, आणि इकडे रानात मूग वाळतोय! मग वेधशाळेला नावे ठेवून आपण पुढे जातो. आमच्या मते ही घाई बरी नव्हे. त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसला तर नुकसान आपलेच होते.

जिल्ह्याचा पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी असो वा १९ टक्के जास्त, वेधशाळेच्या लेखी तो ‘सामान्य’च. २० ते ५९ टक्के कमी पडला तर ‘तुटीचा’, त्याहून कमी तर ‘मोठ्या तुटीचा’. आता कलघटगीकडचा मलनाडाचा पाऊस आणि नवलगुंदच्या काळ्या रानातला पाऊस यांची सरासरी काढली, तर ती नवलगुंदच्या शेतकऱ्याच्या काय कामाची? शिवाय महिनाभर कोरडे जाऊन चार दिवसांत सगळे कोसळले तरी बेरीज तीच भरते. पिकाला बेरीज कळत नाही. म्हणून ‘पावसाचे दिवस’ मोजावेत. २४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पडले तरच तो पावसाचा दिवस.

‘दुष्काळ’ हा शब्द तर वेधशाळेने २०१६ साली आपल्या भाषेतून काढूनच टाकला. ती आता ‘तुटीचे वर्ष’ म्हणते. दुष्काळ जाहीर करायचा तो राज्य सरकारने, केंद्राच्या नियमावलीत बसवून. २०२३ साली कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी ठरवले, केंद्राकडे १८ हजार १७१ कोटी मागितले, मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट गाठले, तेव्हा एप्रिलअखेर सुमारे ३,४५४ कोटी मंजूर झाले. शेतकऱ्याचा हंगाम तोवर केव्हाच संपला होता.

(‘धारवाडची ती जुनी थंड हवा गेली’ असे वडीलधारी म्हणतात. त्यांचे खरेही असेल. पण एका उन्हाळ्यावरून ते ठरत नाही, त्याला निदान ३० वर्षांच्या नोंदी लागतात.)

आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी अजून खेड्यांत आहेत. तहसीलदारांकडे अर्ज देताना ‘यंदा पाऊस नाही’ एवढ्यावर थांबू नये. आपल्या होबळीच्या पर्जन्यमापकाचा आकडा, सलग किती दिवस कोरडे गेले, कोणत्या तारखांना, हे लिहावे. अर्ज कन्नडमधून लिहिण्यास अडचण असेल त्यांनी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे.