थिनरच्या डब्यात काय आहे, ते कामगाराला कळू द्या

दिनांक : १८ जून २०२४

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : लहान गाळ्यांतील रंगकाम, छपाई व चिकटकामासाठी वापरल्या जाणाऱ्या टोल्यूइनयुक्त थिनरची हाताळणी, हवेची मोजणी व कामगारांची वैद्यकीय तपासणी याबाबतच्या मागण्या.

महोदय,

आम्ही ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींत स्प्रे पेंटिंग, पिशव्यांवरची छपाई, फर्निचर पॉलिश आणि चिकटकाम करणारे कामगार आहोत. आमच्यापैकी बहुतेक जण ठेकेदाराकडे कामाला आहेत. २३ मे रोजी डोंबिवलीत झालेल्या स्फोटानंतर धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याची चर्चा जोरात आहे. त्याच शहराने २६ मे २०१६ लाही असा स्फोट सोसला होता. स्थलांतराचा निर्णय शासन घेईल तेव्हा घेईल. आमचे गाऱ्हाणे मात्र स्थलांतराच्या यादीत कधीच न येणाऱ्या जागांचे आहे. तिथे रिअ‍ॅक्टर नसतो, बॉयलर नसतो. एक गाळा, एक कॉम्प्रेसर आणि कोपऱ्यात थिनरचा पिंप, एवढाच तो कारखाना.

थिनर हे काही एका रसायनाचे नाव नव्हे. त्यात बहुधा टोल्यूइन असते. शिवाय झायलीन, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल, हेक्झेन यांपैकी काय किती आहे, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. आमच्यापर्यंत तो येतो तो मापाने भरलेल्या, दुसऱ्याच कुठल्या तरी मालाच्या जुन्या कॅनमधून. त्यावर एका अक्षराचीही माहिती नसते. हा फरक केवळ नावाचा नाही. हेक्झेनने हातापायांच्या नसा जातात. आधी मुंग्या येतात, मग पायातले बळ कमी होते. मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. जून २०१५ मध्ये मालवणीच्या विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलनेच. हलक्या प्रतीच्या मालात बेन्झीनचा अंश असेल, तर गोष्ट रक्ताच्या कर्करोगापर्यंत जाते. गाळ्यात कोणी चक्कर येऊन पडला आणि डॉक्टरांनी ‘कशाचा वास घेतला?’ असे विचारले, तर आमच्याकडे उत्तर एकच : थिनरचा. त्या उत्तरावर उपचार कसा करायचा?

म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक पिंपावर व कॅनवर घटकांची नावे, धोक्याची चित्रे आणि प्रथमोपचार मराठीत व हिंदीत लिहिलेले असावेत. सुरक्षा माहितीपत्रकाची इंग्रजी प्रत मालकाच्या टेबलाच्या खणात असून उपयोग नाही. आमच्यातले अनेक जण उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले आहेत; काहींना वाचताच येत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४१-ब नुसार धोक्याची माहिती कामगाराला देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. ती त्याला समजेल अशा रीतीने द्यावी, एवढेच आम्ही म्हणतो.

आता वाफेविषयी. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. ठाण्यात थंडीच्या पहाटेही पारा इतका उतरत नाही. म्हणजे उघड्या बादलीवर पेट घेण्याजोगी वाफ बाराही महिने असते. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते, त्यामुळे ती छताकडे न जाता जमिनीलगत पसरते आणि दारातून शेजारच्या गाळ्यात शिरते. शेजारी वेल्डिंगचे दुकान असेल तर पुढचे सांगायला नको. आमच्या गाळ्यांत पंखा असलाच तर तो भिंतीच्या वरच्या झरोक्यात असतो, वाफ मात्र घोट्यापाशी.

एक हिशेब आपल्यासमोर ठेवतो. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात १०० मिलिलिटर टोल्यूइन सांडले, उडून गेले आणि हवा बदलली नाही, तर हवेतील प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ८०० भागांवर जाते. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतली आठ तासांची मर्यादा १०० भागांची आहे. एक लिटर उडाले, तर सुमारे २० घनमीटर हवा पेट घेण्याच्या पातळीला येऊ शकते, आणि ही खोली जेमतेम २८ घनमीटरची. स्प्रेवर दिवसभरात किती लिटर उडते, हे कोणत्याही पेंटरला विचारावे. कोणी म्हणेल, हा कागदावरचा हिशेब झाला. मान्य. खरा आकडा मोजूनच कळेल, आणि मोजणीच तर आम्ही मागतो आहोत. ती पूर्वसूचना न देता, काम चालू असताना, माणसाच्या नाकाच्या उंचीवर व्हावी आणि आकडा गाळ्याच्या दारावर लावला जावा. तपासणीच्या दिवशी काम बंद ठेवून, दारे उघडून घेतलेले नमुने आम्हाला नकोत.

वास येतो म्हणजे धोका कळतो, असा एक समज आहे. थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावते. वास येईनासा होतो, वाफ मात्र तेवढीच राहते. दुसरा समज गुळाचा. दुपारी गुळाचा खडा किंवा पेलाभर दूध दिले की मालकाची जबाबदारी संपली, असे कित्येक ठिकाणी मानले जाते. गूळ आम्हाला आवडतो, पण त्याने रक्तातले टोल्यूइन उतरत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल आणि धुळीचा मास्क यांतूनही वाफ आरपार जाते. त्यासाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज लागते आणि तेही ठरावीक वेळाने बदलावे लागते. साधे रबरी हातमोजे टोल्यूइनने फुगतात. मास्क वाटपाचे फोटो काढून हा प्रश्न मिटू नये, अशी विनंती आहे. आधी भांड्यांना झाकणे आणि वाफ जिथे निघते तिथूनच खाली ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट, मास्क त्यानंतर.

पिंपातून माल काढण्याची पद्धत तर अंगावर काटा आणणारी आहे. रबरी नळी तोंडाने ओढून धार सुरू करतात. घोट फुफ्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा आजार होतो, आणि घाबरून उलटी करवली तर तो धोका वाढतो. ओतताना प्लास्टिकची बादली वापरली जाते. टोल्यूइनमधून वीज सहजी वाहत नाही, त्यामुळे धारेतून तयार झालेला स्थिर विद्युतभार निचरून न जाता साठत राहतो आणि एका ठिणगीत बाहेर पडतो. लोखंडी पिंप व धातूचे भांडे तारेने जोडणे, अर्थिंगची क्लिप लावणे, हातपंप वापरणे आणि धार सावकाश सोडणे या उपायांचा खर्च थोडका आहे. आग लागलीच, तर आमच्याकडे पाण्याची बादली असते. टोल्यूइन पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. फोम किंवा ड्राय पावडरची नळकांडी आणि ती वापरण्याचा सराव प्रत्येक गाळ्यात सक्तीचा करावा.

रिकाम्या पिंपाकडे तर कोणाचेच लक्ष नाही. भरलेल्या पिंपापेक्षा तो जास्त घातक ठरू शकतो, कारण तळाशी राहिलेला पेलाभर माल आत वाफ आणि हवा यांचे नेमके पेटणारे मिश्रण तयार करतो. भंगारवाला तो गॅस कटरने कापायला घेतो. कलम ३७ ने कारखान्यात अशा भांड्यावर वाफ काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग वा कटिंग करण्यास मनाई केली आहे, पण पिंप दाराबाहेर गेला की ती मनाई मागे राहते. जे कापले जात नाहीत, ते आणि प्लास्टिकचे निळे पिंप वस्तीत पाणी साठवायला विकले जातात. आमच्याही घरांत असे पिंप आहेत. रिकामा पिंप पुरवठादाराने परत घ्यावा, त्याची नोंदवही असावी आणि पाण्यासाठी त्याच्या विक्रीवर बंदी घालावी, यासाठी आपण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे शिफारस करावी.

टाकी साफ करायला माणूस उतरवण्याबाबत कलम ३६ स्पष्ट आहे : सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरेला दोर. यात नवीन काही मागायचे नाही; फक्त अंमल हवा.

वैद्यकीय तपासणीचा मुद्दा ठेकेदारीपाशी अडतो. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची कामावर घेण्याआधी व त्यानंतर बारा महिन्यांच्या आत तपासणी कलम ४१-क नुसार बंधनकारक आहे, पण सहा-सहा महिन्यांनी गाळा बदलणाऱ्या हेल्परची कोण करणार? त्याची आरोग्यनोंद त्याच्याच हाती द्यावी. ती त्याच्याबरोबर पुढच्या गाळ्यात जाईल. छातीचा एक्स-रे काढून टोल्यूइन सापडत नाही. पाळी संपताना लघवीची तपासणी आणि कानांची तपासणी व्हावी, कारण यंत्रांचा गोंगाट आणि टोल्यूइन एकत्र आले की ऐकू येणे लवकर कमी होते. गरोदर महिलांना या कामापासून दूर ठेवावे आणि त्यासाठी त्यांची मजुरी कापू नये. बेन्झीन व त्याच्या गोत्रातील रसायनांची विषबाधा तिसऱ्या अनुसूचीत आहे. टोल्यूइन त्याच गोत्रातले. असा रुग्ण दिसल्यास आपल्या कार्यालयाला कळवण्याचे बंधन कलम ८९ ने डॉक्टरांवर घातले आहे. वसाहतीभोवतीच्या दवाखान्यांना याची आठवण देणारे परिपत्रक आपण काढावे. आज झोक जाणारा कामगार दारू प्यालेला ठरवून घरी पाठवला जातो.

आमच्या गाळ्यांपैकी निम्मे कामगारसंख्या कमी म्हणून ‘कारखाना’ या व्याख्येतच बसत नाहीत, असे उत्तर मिळेल याची आम्हाला कल्पना आहे. वाफ हजेरीपट मोजून शरीरात शिरत नाही. कलम ८५ ने कमी कामगारांच्या जागांनाही अधिनियमातील तरतुदी लागू करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. टोल्यूइनयुक्त थिनर वापरणाऱ्या सर्व जागांसाठी तशी अधिसूचना काढण्याची शिफारस आपण करावी. शिवाय टोल्यूइन हे पेट्रोलियम कायद्यानुसार ‘अ’ वर्गात मोडते आणि या वर्गाचा ३० लिटरपेक्षा जास्त साठा परवान्याशिवाय ठेवता येत नाही. एक पिंप २०० लिटरचा असतो. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, अग्निशमन दल आणि आपले कार्यालय यांनी एकत्र पाहणी केली, तर कोणत्या गाळ्यात किती साठा आहे याची यादी तयार होईल.

कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या चुली त्यांवरच पेटतात. या निवेदनावर ३० दिवसांच्या आत आपल्या अध्यक्षतेखाली मालक, ठेकेदार व कामगार प्रतिनिधींची बैठक बोलवावी, तीत ठेकेदारी कामगारांना स्वतंत्र स्थान द्यावे आणि प्रत्येक मागणीवर काय कार्यवाही झाली ते आम्हाला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
रंगकाम, छपाई व चिकटकामातील कामगार, ठाणे जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई