'हार्ड डिस्क गेली' म्हणण्याआधी आकडा दाखवा

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप गेला."

पोरगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. लॅपटॉप जुना, सेकंडहँड. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हा मित्रांनी त्यावर लिनक्स टाकून दिलं. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. हल्ली आतून सारखा 'टक' असा आवाज यायचा आणि फाइल उघडताना मशीन क्षणभर अडकायचं. दुकानदाराने कान लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: "हार्ड डिस्क गेली. यात पैसे घालू नका, नवीनच घ्या."

दाजी शेतकरी. त्यांच्याकडे तीस-चाळीस हजार कोणत्या तोंडाने मागायचे, या काळजीने पोराची झोप उडालेली.

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. पण दुसरं मत घ्यावं एवढं पत्रकारितेने शिकवलंय. एका जाणकार मित्राकडे गेलो. त्याने आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेतला आणि मग स्मार्टमॉनटूल्स नावाच्या फुकट प्रोग्रामने डिस्कची कुंडली काढली. खराब सेक्टर शून्य. डिस्क ठणठणीत! फक्त 193 नंबरच्या रकान्यात आकडा होता 4 लाख 12 हजार.

भानगड अशी. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारी-लिहिणारी एक सुई असते असं समजा. वीज वाचावी म्हणून काम नसलं की ती बाजूला जाऊन बसते. पण लिनक्स थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर काहीतरी लिहीत असतं, त्यामुळे ती लगेच परत येते. बस, ऊठ, बस, ऊठ. 'टक' म्हणजे तोच आवाज आणि अडकणं म्हणजे तिची वाट बघणं. 193 चा रकाना ही ऊठबस मोजतो.

आम्ही घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत आकडा 23 ने वाढला. आठ तासांचे झाले अकराशे. त्या डिस्कची मर्यादा 6 लाख. म्हणजे सहा महिन्यांच्या आत ती संपली असती. दुकानदाराचं भविष्य खरं ठरलं असतं, पण कारण आजार नव्हे, एक सेटिंग!

उपाय? एचडीपार्म नावाच्या कमांडने वीजबचतीचा आकडा 128 वरून 254 केला. 254 म्हणजे सगळ्यात कमी बचत. टकटक बंद. लॅपटॉप झोपवून उठवला, तर पुन्हा सुरू! कारण हे सेटिंग डिस्क लक्षात ठेवत नाही. मग एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये चार्जरवरचा आणि बॅटरीवरचा, दोन्ही आकडे कायमचे लिहिले. पुन्हा दहा मिनिटं मोजलं. वाढ शून्य. (तुमच्याकडे टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम असेल तर त्यातही बदल करा, नाहीतर तो आपला आकडा परत लावतो.)

तोटे आहेतच. बॅटरी थोडी लवकर उतरते, डिस्क जरा तापते. आणि चालू लॅपटॉप बॅगेत टाकून बाइकवर निघायचं नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक आवाज निरुपद्रवी असतो असं माझं म्हणणं नाही. रकाना 5 आणि 197 मधले आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच चाललीय. पण तेव्हाही डिस्क बदलायची असते, लॅपटॉप नाही. दुकानदाराच्या वेळेला किंमत आहे, हेही मान्य. तपासणीचे दोनशे रुपये घ्या ना! पण रिपोर्ट हातात द्या. डॉक्टर रक्त न तपासता 'किडनी गेली' म्हणाले तर आपण ऐकून घेऊ का?

केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. कागदावर सगळं छान. पण सदाशिव पेठेतल्या पोराला काउंटरवर अजून "नवीनच घ्या" एवढंच ऐकू येतं.

सी-डॅकचं मुख्यालय ज्या शहरात आहे, गल्लोगल्ली इंजिनिअर आहेत, तिथे एवढं अवघड नाही. महापालिकेच्या अभ्यासिकांमध्ये महिन्यातून एक संध्याकाळ दुरुस्तीची ठेवा. चार इंजिनिअरिंगची पोरं, दोन टेबलं, बास. खर्च चहाचा. आपापल्या नगरसेवकाला एवढं विचारून बघा.

भाच्याचा लॅपटॉप सध्या गप्प आहे. पोरगा अभ्यासाला लागलाय. दाजींना यातलं काहीच कळलेलं नाही, आणि तेच बरं.

तुमच्याही घरात एखादं 'गेलेलं' मशीन माळ्यावर पडलं असेल. भंगारात देण्याआधी एकदा आकडा बघा.