समुपदेशनातला उपदेश

“बाई, हिला जरा समजवंल असा कोणी डॉक्टर हाय का?” कर्जत तालुक्यातल्या कडावच्या नाक्यावर एका आईने माझा हात धरून विचारलं, तेव्हा लावणीचे दिवस होते. तिच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता, शेतातून तशीच आली होती. मुलगी बारावी होऊन घरी बसलेली, एक दिवस केस बारीक कापून आलेली आणि ‘मी मुलगी नाही’ एवढंच म्हणणारी. अंगारा झाला होता, दोरा झाला होता. ‘बाहेरचं काही नाही’ असं शेवटी भगतानेच सांगितलं होतं. “समुपदेशन करून बघा,” मी म्हणाले. त्या सल्ल्याची टोचणी मला आजही आहे.

शरीराचं लिंग एक आणि आतून जाणवणारी ओळख दुसरी, त्यातून होणाऱ्या तगमगीला वैद्यकात जेंडर डिस्फोरिया म्हणतात. ही तगमग बोलून बरी करता येते, आधी तेच करावं, असं म्हणणारे लोक सगळे दुष्ट नसतात. त्यांत डॉक्टर आहेत, माझ्यासारखे शिक्षक आहेत, पोटच्या पोरासाठी रात्र-रात्र जागणारे आईबाप आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं खोडायचं, तर आधी ते नीट ऐकून घेतलं पाहिजे.

ते म्हणतात, ही मोबाइलवरून आलेली लाट आहे, पूर्वी असलं काही नव्हतं.

कडावच्या त्या आईचं मूल पूर्वी माझ्याच वर्गात होतं. आठवीला आत्मकथनपर निबंध असतात. नदी बोलतेय, शेतकरी बोलतोय, फाटक्या पुस्तकाचं मनोगत. या पोरीच्या वहीत (तेव्हा मीही पोरगीच म्हणत होते) नदी कधी बोललीच नाही. पेज नदीच्या पाण्यावर जिथे वर्षाला दोनदा भात निघतो, तिथलं हे मूल. पण त्याच्या वहीत शेतकरी बोलायचा, डोंगर बोलायचा, वटवृक्ष बोलायचा. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापद सोडत नाही. ‘आलो’ म्हणा किंवा ‘आले’ म्हणा, वाक्य पुरं करायचं तर ओळख सांगावीच लागते. हे मूल वर्गात वाक्यं निवडून बोलत होतं. ‘बसू का?’ ‘उद्या येणार.’ ‘निबंध लिहिला.’ ‘वाचून झालं.’ सकर्मक भूतकाळ त्याला चालत होता, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागून जातं. भविष्यकाळ चालत होता. वर्तमानकाळ आणि अकर्मक भूतकाळ मात्र त्याला बंद होते. एकदा चुकून ‘मी शेतावर गेलो’ असं वहीत उतरलं, तेव्हा मी लाल शाईने गोल करून ‘गेले’ लिहिलं. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘आलो, गेलो’ म्हणतात हे मला माहीत होतं. इथे तसं नाही, हेही समजायला हवं होतं.

त्या घरात तेव्हा बटणांचा साधा फोन होता. तेरा वर्षांच्या पोराला सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांतली ही पळवाट कुठल्या लाटेने शिकवली? आणि ‘पूर्वी नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी यल्लमाचे जोगते आठवावेत. पुरुषदेहाने जन्मून लुगडं नेसणाऱ्या, डोक्यावर देवीचा ‘जग’ घेऊन फिरणाऱ्या त्या माणसांना आपण पिढ्यान् पिढ्या दारात पाहिलं, परडीत पीठ घातलं. देवाच्या नावाने त्यांना एक कोपरा दिला आणि बाकी सगळं घर बंद केलं. त्या परंपरेची मी भलामण करत नाही. पण आपल्याकडे असं काही नव्हतं, हे म्हणणं टिकत नाही.

मोठ्या शहरातल्या एका समुपदेशकाकडे ते मूल अकरा वेळा गेलं. नाव लिहीत नाही. दर वेळी पाचशे रुपये, शिवाय आईची मजुरी बुडायची. अकराव्या बैठकीनंतर त्याने मला एक दुरेघी वही दाखवली. रोज रात्री एक पान, प्रत्येक ओळीत ‘मी चांगली मुलगी आहे’. एकतीस पानं भरलेली, पुढची कोरी. बांगड्या घालायच्या, चुलत बहिणींत बसायचं, मनात ‘तसा’ विचार आला की मनगटावरचं रबर ओढून सोडायचं, असा एकूण उपचार होता. पुढे पोराने बोलणंच सोडलं. घरच्यांनी धरलं की फरक पडतोय, समुपदेशकानेही तसंच सांगितलं. मग एका रात्री त्याला घाईघाईने कर्जतला हलवावं लागलं. जीव वाचला. त्या रात्रीबद्दल इथे याहून जास्त सांगणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं की तो माणूस भोंदू होता, शास्त्रशुद्ध केलं असतं तर जमलं असतं. पण शास्त्रशुद्ध करून झालंय. कॅनडात १९६६ साली एका तान्ह्या मुलाची सुंता बिघडली आणि लिंग निकामी झालं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. नाव बदललं, कपडे बदलले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या. त्याहून पद्धतशीर समजावणं कुठे झालं असेल? चौदाव्या वर्षी खरी हकीकत कळताच तो डेव्हिड रायमर या नावाने मुलगा म्हणून जगू लागला. २००४ साली त्याने आयुष्य संपवलं. नाव, फ्रॉक आणि रोजचं बोलणं यांनी आतली ओळख घडत नाही, हे त्या एका आयुष्याने दाखवलं. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात जॉर्ज रेकर्स यांनी ‘बायकी’ वागणाऱ्या लहान मुलांवर बक्षीस-शिक्षेचे प्रयोग केले आणि ते यशस्वी म्हणून छापले. त्यातला सर्वांत गाजलेला मुलगा मोठेपणी समलिंगी म्हणून जगला आणि २००३ साली त्यानेही स्वतःचा अंत केला.

आपल्या मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे घरची वाटते. तिचे जनक अल्बर्ट एलिस. समलैंगिकतेची कारणं आणि ती ‘बरी’ करण्याचा मार्ग सांगणारं पुस्तक त्यांनी १९६५ साली लिहिलं होतं, आणि पुढे स्वतःच ती भूमिका सोडली. मी हे एलिस यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा जाच, ‘मी नालायक आहे’ हा समज, हे बोलण्याने खरंच सैल होतात, त्यांच्या पद्धतीनेही होतात. मला वाटतं, त्या पद्धतीची ताकद तिथेच आहे. ‘मी कोण’ या जाणिवेवर तीच पद्धत लावली, तर समोरचा माणूस खोटं बोलायला शिकतो किंवा गप्प होतो.

आता विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांनी एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. वयात येणं थांबवणाऱ्या औषधांचा पुरावा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तोकडा आहे, घाई करू नका, मुलाकडे सगळ्या बाजूंनी बघा, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने त्याआधीच, मार्चमध्ये, ही औषधं सरसकट देणं थांबवलं होतं. अमेरिकी सरकारच्या मे २०२५ मधल्या अहवालाने तर मानसोपचारालाच पुढे केलं. मुलांच्या बाबतीत सावधगिरी हवी, हे मला मान्य आहे. उदासी, चिंता, स्वमग्नता, घरातला छळ, हे सगळं तपासायला हवं, हेही मान्य. पण कॅस यांच्यासाठी यॉर्क विद्यापीठाने जे आढावे घेतले, त्यांत बोलण्याच्या उपचारांचा पुरावाही तसाच कमकुवत निघाला. म्हणजे एका औषधाचा पुरावा अपुरा म्हणून ज्या दुसऱ्या औषधाकडे बोट दाखवलं जातं, त्याचाही पुरावा अपुराच. शिवाय माझ्यासमोरचं मूल एकोणीस वर्षांचं होतं. त्याला मत देण्याचा अधिकार होता. इंग्लंडच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांवरची चर्चा कडावच्या सज्ञान माणसाच्या गळ्यात का बांधायची?

आपल्याकडे कायदा आणि वैद्यक दोन्ही याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट बोललेत. आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. समाजाच्या नैतिक कल्पनांशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, शरीर आणि ओळख यांतली ही विसंगती मनोविकारांच्या प्रकरणात नाही. आणि २५ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या परिषदांना पत्र लिहून, ओळख बदलायला लावणारे असे ‘उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं कळवलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचा ७ जून २०२१ चा आदेश होता. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय कळत नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि समजून घेण्यासाठी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बसले. मुलींच्या आईवडलांनाही बोलायला पाठवलं. बोलण्याच्या उपचाराचं याहून सुंदर उदाहरण मला तरी माहीत नाही. ज्याच्या हातात निकाल होता, तो आधी ऐकायला बसला.

अशा बंदीने डॉक्टर बोलायलाच घाबरतील, अशी एक तक्रार आहे. तिच्यात थोडं तथ्य असेल, पण खरी अडचण उलटीकडे आहे. आयोगाचं पत्र डॉक्टरांना बांधतं. दहा दिवसांचा कोर्स करून ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावणाऱ्याला ते बांधत नाही. आमच्या भागातल्या आयांना भेटतो तो हाच पाटीवाला. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर लोकल पकडावी लागते, आणि शेतकामाच्या दिवसांत एक दिवस मुंबईला जाणं म्हणजे काय, ते कशेळ्याच्या वाडीतल्या बाईला विचारावं.

माझ्या बाजूच्या लोकांशीही माझा वाद आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, समुपदेशन हा नुसता अडथळा, ते काढूनच टाका. मला हे पटत नाही. शस्त्रक्रियेसाठी लागणारं पत्र एकाच बैठकीत फी घेऊन हातात देणारा डॉक्टर मला त्या दुरेघी वहीवाल्यापेक्षा फार वेगळा वाटत नाही, कारण ऐकलेलं दोघांनीही नाही. शस्त्रक्रियेनंतर पस्तावलेली माणसंही आहेत, थोडी असतील, पण त्यांचं दुःख खरं आहे, आणि ते लपवल्याने आपली बाजू भक्कम होत नाही. २०१९ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर समुपदेशनाची सोय लिहिली, ती योग्यच. माझं भांडण समुपदेशनातल्या ‘उपदेशा’शी आहे. समजावणं आणि समजून घेणं, धातू एकच, पण दिशा उलट. उत्तर आधी ठरवून विचारलेल्या प्रश्नाला मी उपचार म्हणायला तयार नाही, मग ते उत्तर ‘तू मुलगीच’ असो की ‘उद्याच शस्त्रक्रिया कर’ असो.

मनाचा आजार म्हणजे काय, हे कर्जत तालुक्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भरकटलेल्या, स्वतःचं नावगाव हरवलेल्या मनोरुग्णांना तिथे आणतात, औषध देतात, बोलतं करतात आणि घरच्यांपर्यंत पोचवतात. उपचार लागू पडला की माणसाला त्याचं नाव आठवतं. आजार आणि उपचार यांची ही साधी खूण मी मनाशी धरली आहे. माझ्या विद्यार्थ्याला स्वतःचं नाव पक्कं ठाऊक होतं, आणि अकरा बैठकांमध्ये ते त्याच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न झाला.

त्या रात्रीनंतर एका मोठ्या रुग्णालयातली डॉक्टर भेटली. तिने उदासीवर गोळ्या दिल्या, झोपेची घडी बसवली आणि मग चार वेळा फक्त आईला बोलावलं. आईला कसली भीती वाटते, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. धाकटीचं लग्न कसं जमणार? भावकी काय म्हणेल? सातबाऱ्यावर नाव कुठलं लागणार? म्हातारपणी आपल्याला कोण? एकेक भीती बाहेर आली. डॉक्टरने कुठलीच खोटी ठरवली नाही. धाकटीच्या लग्नाची अडचण खरी आहे, असंच ती म्हणाली, आणि त्या अडचणीचं ओझं एकट्या थोरल्या पोराने का वाहायचं, एवढं विचारलं. आई म्हणते, त्या दिवशी ती परतीच्या लोकलमध्ये बदलापूर येईपर्यंत रडत होती. पोराशी मात्र डॉक्टर महिनोन् महिने बोलत राहिली. घाई केली नाही, थोपवलंही नाही. शरीराचं काय करायचं, हा निर्णय त्याने पुढे सावकाश, दोन वर्षांनी घेतला. तो काय होता, हे जाणून घेण्याचा अधिकार ना मला आहे, ना तुम्हाला.

गेल्या जूनमध्ये सकाळी मी कडावला रिक्षाची वाट बघत उभी होते. पाऊस नुकताच धरला होता. तो कामावर निघाला होता, पाठीला पिशवी. आई रस्त्याच्या पलीकडून ओरडली, “छत्री घेतलीस का?” मी मराठीची बाई, कान तिकडेच गेला. ‘अगं’ नाही, ‘अरे’ही नाही. क्रियापद छत्रीच्या मागे गेलेलं. पोराची पळवाट आईनेही शिकून घेतली होती.

“घेतली. निघतो, आई.”

“सांभाळून जा,” ती म्हणाली.