चेंडू पोचला, रॅकेट राहिली

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात टेनिसचा चेंडू ज्याने हाताळला नाही असे मूल शोधून सापडणार नाही. सुनील गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीत याच चेंडूवर क्रिकेट खेळत वाढले. आईने टाकलेला असाच एक चेंडू लहानपणी त्यांनी थेट तिच्या नाकावर मारला होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा चेंडू इथल्या मुलांच्या हातात पुरता झिजतो. नवा असतो तेव्हा त्याची पोपटी लव बोटांना जाणवते आणि टप्पा बेताने उसळतो. काही दिवसांत लव विरळ होते, आतले करडे रबर डोकावू लागते, मग चेंडू टप्पा पडल्यावर सपकन सरकतो आणि गोलंदाजाला फावते. पावसात भिजला की जड होतो. गटारात पडला की काठीने वर काढतात, भिंतीवर दोनदा आपटतात आणि पुढचे षटक सुरू होते. सीझन बॉलसाठी लागणारी जागा आणि पैसा ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्या कित्येक पिढ्या या चेंडूवर खेळल्या. ज्या खेळासाठी तो बनला, तो खेळ मात्र त्यांनी पाहिला तो पडद्यावर. हे अंतर कमी करता येईल आणि करायला हवे, असे मला ठामपणे वाटते. त्याची सुरुवात आवडत्या खेळाडूपासून करावी लागते, कारण या वस्त्यांत टेनिस आले ते त्याचेच बोट धरून.

सामान्य प्रेक्षक आधी माणसाच्या प्रेमात पडतो, नियम मागाहून शिकतो. टेनिसमध्ये हे जास्तच घडते. कोर्टावर माणूस एकटा असतो, मदतीला धावून येणारा सहकारी नसतो आणि कॅमेरा तासन् तास त्याच्याच चेहऱ्यावर असतो. नदाल विश्रांतीच्या वेळी खुर्चीपुढे पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायचा. लेबले ठरल्या दिशेला वळवलेली. घोट घेऊन झाला की बाटली अचूक पहिल्याच जागी परत. ज्याला टेनिसचे गुण कसे मोजतात तेही ठाऊक नाही, त्यालाही या धडपडीतला माणूस कळतो. मग तो खेळ पाहू लागतो. फेडररचा एका हाताचा बॅकहँड, सानिया मिर्झाचा सणसणीत फोरहँड, नेटजवळ लिएंडर पेसची चपळाई, हे वेगवेगळे दिसू लागते. पुढे ही माया इतकी दाट होते की ऑस्ट्रेलियन स्पर्धेसाठी पहाटे उठायचे, विम्बल्डनसाठी संध्याकाळ राखून ठेवायची आणि अमेरिकन स्पर्धेसाठी रात्र जागायची, हे सगळे आपसूक होते. त्यातून मिळणारा आनंद केवळ विजयाचा असता तर २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याची आठवण फेडररच्या चाहत्यांनी कधीच पुसून टाकली असती. पाचव्या सेटमध्ये दोन मॅच पॉइंट हातात असताना, अडतिसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नसताना, जवळपास पाच तास झुंजून तो जोकोविचकडून हरला. तरी त्या सामन्याबद्दल त्याचे चाहते आजही भरभरून बोलतात. कुणाचे तरी खेळणे मनापासून आवडणे आणि तो हरला तरी त्याची बाजू न सोडणे ही फार चांगली गोष्ट आहे, आणि ती खेळ जितकी सहज शिकवतो तितके दुसरे काही शिकवत असेल असे मला वाटत नाही.

हा आनंद मुलाच्या अंगात कसा भिनतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचेच आहे. लहानगा सचिन तेंडुलकर जॉन मॅकेन्रोचा वेडा होता. वाढवलेले केस, कपाळाला पट्टा, हातात रॅकेट अशा थाटात तो वावरायचा. त्याने हे अनेकदा सांगितले आहे आणि त्या वेषातले त्याचे छायाचित्रही पुष्कळांनी पाहिले असेल. लागोपाठ पाच वेळा विम्बल्डन जिंकलेल्या बोर्गला मॅकेन्रोने १९८१ मध्ये हरवले, तेव्हा सचिन आठ वर्षांचा होता. पुढे १९८४ च्या उन्हाळ्यात थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला आणि नंतरची कथा सर्वांना पाठ आहे. आता दुसरा मुलगा पाहा. सर्बियातल्या कोपाओनिक या डोंगराळ गावी नोव्हाक जोकोविचच्या आईवडिलांचे खाण्याचे छोटे दुकान होते. दुकानासमोर टेनिसची कोर्टे झाली. येलेना गेंचिच या प्रशिक्षक तिथे मुलांचे शिबिर घेत असताना कुंपणाला टेकून एकटक पाहणारा हा पोरगा त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला आत बोलावले. १९९३ मध्ये सहा वर्षांच्या या मुलाने पीट सॅम्प्रासला विम्बल्डन जिंकताना टीव्हीवर पाहिले आणि आपणही तो करंडक उचलायचा असे ठरवून टाकले. आज त्याच्या नावावर २४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे आहेत. दोन्ही मुलांना आवडता टेनिसपटू होता. आवाक्यातले, कुणीतरी आत बोलावणारे असे मैदान मात्र एकाला टेनिसचे मिळाले आणि एकाला क्रिकेटचे. सचिन टेनिसला मुकला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. पण मॅकेन्रोवर जीव टाकणारी आणि शिवाजी पार्कचे दैव न लाभलेली मुले या शहरात तेव्हाही असंख्य होती आणि आजही आहेत.

आवडता खेळाडू आणि जवळचे मैदान यांची सांगड बसली की काय होते, हे मध्य मुंबईने कबड्डीत दाखवले आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्यासारख्या मैदानावर प्रकाशझोतात सामना रंगतो तेव्हा कठड्यावर बसलेल्या पोराला चढाईपटूची लकब पाठ असते. कुठल्या पायावर तो बोनस घेतो, कोपरारक्षक त्याला कुठे गाठेल, हे तो शेजाऱ्याला सांगत असतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात तेच स्वतः करून पाहतो. पाहणे आणि करून पाहणे यांत एका रात्रीचेही अंतर नसते. म्हणूनच इथला कबड्डीचा प्रेक्षक इतका जाणता आहे. क्रिकेटचेही तेच. माहीम पार्क या नावाने महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केलेले मैदान शिवाजी पार्क झाले आणि त्यातून एकामागून एक कसोटीपटू निघाले. पण त्याहून मोठी कमाई म्हणजे लेट कट आणि स्क्वेअर कट यांतला फरक कळणारे लाखो लोक त्या मैदानाने घडवले. टेनिसच्या चाहत्याला ही दुसऱ्या दिवशीची सकाळ मिळत नाही. त्याचा आनंद डोळ्यांपाशी थांबतो, मनगटापर्यंत उतरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, त्याचा परळ-लालबागशी काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. टेनिसमध्ये कारकीर्द घडवायची तर प्रशिक्षक, परदेशवाऱ्या आणि वर्षानुवर्षांचा खर्च पेलावा लागतो, मध्यमवर्गीय घरही त्यात वाकते. जागाही बहुतेक जिमखान्यांच्या कुंपणात. चर्नी रोड स्टेशनचा पूल उतरून गिरगावचा मुलगा समुद्राकडे गेला की सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभ्या असलेल्या जिमखान्यांची रांगच लागते, पण दारावर सभासदत्व विचारले जाते. मात्र हाच आक्षेप शंभर वर्षांपूर्वी क्रिकेटवर तंतोतंत लागू होता. तेव्हाही याच जिमखान्यांचे संघ धर्मवार सामने खेळत. बाळू पालवणकर यांच्यासारख्या चर्मकार समाजातल्या असामान्य गोलंदाजाला हिंदूंच्या संघात घ्यावे की नाही यावर वाद झाले, घेतल्यावरही त्यांना चहा वेगळ्या कपातून मिळे, आणि त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले ते मोठ्या संघर्षानंतर. क्रिकेट जिमखान्यातून चाळीत उतरले ते अशा माणसांच्या बळावर आणि खुल्या मैदानांच्या आधाराने. खेळ जन्मतः कुणाच्या मालकीचा नसतो. टेनिसला ती वाट मिळाली नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. परक्या देशातल्या खेळाडूंवर प्रेम करून आपल्याला काय मिळणार, आपल्या मातीतले खेळाडू नाहीत का, असे विचारले जाते. आहेत, आणि त्यांच्यावरही हे चाहते तितकेच प्रेम करतात. १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाने ४४ वर्षे वाट पाहिली आणि ते १९९६ मध्ये अटलांटात आणले एका टेनिसपटूने, लिएंडर पेसने. मुंबईच्या गौरव नाटेकरने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसच्याच जोडीने दुहेरीचे सुवर्ण जिंकले होते. गौरवचे वडील नंदू नाटेकर १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. तेही आधी टेनिस खेळायचे आणि कुमार गटात रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण पटकावले, तेव्हा आनंद मराठी घरांत झालाच. आपले आणि परके अशी वाटणी चाहता करत नाही. फेडररसाठी जागणारा माणूसच बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात अव्वल झाला तेव्हा हरखून जातो, कारण त्या वयात तिथे पोचणे किती अवघड आहे हे त्याला इतरांचे टेनिस पाहूनच कळलेले असते.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि गिरणगावात तो हलक्याने घेऊ नये. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि तिसरा सार्वजनिक घरांसाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. लोकांच्या वाट्याची मैदाने तिथेच आक्रसली. कामगारांच्या घरांचा प्रश्न आधीचा आहे आणि त्याच्या आड कुठल्याही खेळाने येऊ नये. मुळात नव्या जमिनीची गरजच नाही. टेनिसचे पूर्ण कोर्ट जवळजवळ २४ मीटर लांब असते हे खरे, पण लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मऊ, संथ लाल चेंडू आणि साधारण ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद कोर्ट ठरवले आहे. दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा २०१२ पासून संथ चेंडूंवरच होतात. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे. म्हणजे लाल चेंडूचे कोर्ट त्याच्या रेघांच्या आत बसते. सकाळचे दोन तास, चुन्याच्या चार जादा रेघा, दोन खांबांना बांधलेले बॅडमिंटनचे जाळे कमरेपर्यंत खाली घेतलेले, आणि वीसेक छोट्या रॅकेट. विम्बल्डन नेमके ऐन पावसाळ्यात येते, मैदानांवर चिखल असतो आणि पोरांना घरी करमत नाही. त्या पंधरवड्यात पालिकेच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी या खेळासाठी उघडावीत. टेनिससाठी कबड्डीचा सराव एक दिवसही थांबू नये. तसे होणार असेल तर हा प्रयोग करूच नये, कारण कबड्डी इथल्या लोकांनी स्वतः उभी केली आहे.

आणि खेळाडू प्रत्यक्ष दिसले पाहिजेत. चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर महिलांची मुंबई ओपन होते. २०१७ मध्ये ती आरिना सबालेंका नावाच्या एकोणीस वर्षांच्या, फारशा परिचित नसलेल्या मुलीने जिंकली. २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन विजेती झाली आणि त्याच वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर गेली. गिरगावातून बसने काही थांब्यांवर ती आठवडाभर खेळत होती. टीव्हीवर तिच्या फटक्यांचा वेग आकड्यांत कळतो. कोर्टालगत बसल्यावर चेंडू रॅकेटवर आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो, आणि ज्या वयात कुणीतरी कायमचे आवडून जाते त्या वयात तो ऐकायला मिळायला हवा. २०२५ च्या स्पर्धेत कोईमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीपर्यंत पोचली. परळ-लालबागच्या पालिका शाळांतल्या नववीच्या मुली तिच्या तेव्हाच्याच वयाच्या. पात्रता फेरीच्या दोन दिवसांत मोठ्या सामन्यांइतकी गर्दी नसते. त्या दोन दिवसांच्या खुर्च्या आयोजकांनी या मुलींसाठी राखाव्यात, बसगाड्या पालिकेच्या शिक्षण विभागाने द्याव्यात, आणि परतताना प्रत्येकीच्या हातात एक रॅकेट द्यावी.