शीळ घालून रचलेली गाणी

होसे आल्फ्रेदो हिमेनेस या मेक्सिकन गीतकाराबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हटकून येते : त्याला संगीतातले काही कळत नव्हते. पाठोपाठ येते ‘दैवी देणगी’. आमचा आक्षेप या देणगीलाच आहे.

१९२६ साली ग्वानाह्वातो प्रांतातल्या दोलोरेस इदाल्गो गावी त्याचा जन्म झाला. औषधाचे दुकान चालवणारे वडील त्याच्या लहानपणीच वारले आणि पोरगा मेक्सिको सिटीत आला. ‘ला सिरेना’ नावाच्या हॉटेलात वेटर झाला, फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणूनही खेळला. वाद्य येत नव्हते, स्वरलिपी येत नव्हती. चाल डोक्यात बांधायची, शीळ घालून किंवा गुणगुणून ऐकवायची. रुबेन फुएन्तेस ती कागदावर उतरवून वाद्यमेळ बसवत. १९५० मध्ये त्याचे ‘यो’ हे गाणे गाजले आणि पुढे शेकडो गाणी आली.

शब्द, चाल, लय कागदाशिवाय डोक्यात सांभाळणे हे ज्ञान नाही तर काय? जलशाच्या परंपरेत वाढलेल्या आम्हाला हे कोणी समजावायला नको. ज्यांच्या हाती लिपी असते तेच ‘कळणे’ कशाला म्हणायचे ते ठरवतात आणि बाकीच्यांचे श्रम देवाच्या खात्यावर टाकतात. त्यात फुएन्तेस यांचे श्रमही झाकले जातात, हे वेगळेच.

रांचेरा म्हणजे रांचोवरचे, शेतवाडीचे गाणे. पण शेतवाडी कोणाची? १९३६ चा गाजलेला चित्रपट ‘आया एन एल रांचो ग्रांदे’ पाहा : जमीनदार कनवाळू, कामकरी निष्ठावंत. त्याच काळात राष्ट्राध्यक्ष कार्देनास जमिनी वाटत होते! हिमेनेसच्या गाण्यांतला नायक मात्र जमीनदार नाही, तो दारूच्या गुत्त्यात बसलेला हरलेला माणूस आहे. घोडेस्वार जमीनमालकाच्या थाटाचा चारो पोशाख मात्र हिमेनेसनेही टाकला नाही.

पण म्हणून आरती ओवाळायची का? बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात, रानडे यांच्यावरच्या भाषणात, विभूतिपूजेचा खरपूस समाचार घेतला होता; तो इथेही लागू आहे. ‘एल रेय’मधला कफल्लक माणूस स्वतःला राजा म्हणवतो, तेव्हा ऐकणाऱ्या गरिबाची मान ताठ होते, खरे आहे. पण सत्ता गाजवायला त्याच्यापाशी उरली आहे ती फक्त बाईच. या दुखऱ्या मर्दानगीला आम्ही बंडखोरी म्हणणार नाही. दारूचेही तेच. गाण्यात ती रंगते, पण हिमेनेस यकृताच्या आजाराने ४७ व्या वर्षी, १९७३ साली गेला. गावात त्याच्या थडग्यावर आता भलामोठा सोम्ब्रेरो आहे.

त्याच्या गाण्यांचा आम्हाला पटणारा वारसा त्याच्याबरोबर पिणाऱ्या चावेला वार्गासकडे जातो. कोस्टा रिकात जन्मलेल्या या बाईने मारियाचीचा ताफा बाजूला ठेवला, साध्या गिटारवर, अंगात पॅन्ट आणि पोंचो घालून ती गायली. पुरुषाने बाईसाठी लिहिलेल्या गाण्यांत तिने प्रेयसीची प्रियकर केली नाही. आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगायला मात्र तिला वयाची ऐंशी ओलांडावी लागली.